भोंगा आणि हात : वऱ्हाडातल्या आठवणींच्या लेखनाविषयी

(अमरावती येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे बालपणीच्या आठवणी आणि गावाचा इतिहास. सुरुवातीलाच एक कबुली देतो. आज ज्या प्रकारच्या लेखनावर मी टीका करणार आहे, ते मी स्वतः केलेलं आहे, आणि त्यावर टाळ्याही घेतल्या आहेत. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच. (हशा)

हे लेखन तुम्ही सगळ्यांनी वाचलंय. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका निघते, तिच्यात असतं. दिवाळी अंकात असतं. आजकाल सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर येतं. ‘आमचं जुनं अकोला’, ‘आठवणीतली अमरावती’, ‘बडनेऱ्याचे दिवस’. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं : वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड. मग कॉटन मार्केटसमोर कापसाच्या बंड्यांची लांबच लांब रांग येते. मग शकुंतला येते, आणि चालत्या गाडीतून उतरून, चहा पिऊन, पुन्हा त्याच डब्यात चढणारा एक मामा येतो. मग रसवंती, टॉकीज, एखादे कडक पण प्रेमळ गुरुजी. आणि या सगळ्याच्या मागे सतत वाजत असतो तो भोंगा. मिलचा किंवा जिनाचा. शेवटी, गेले ते दिवस.

यातलं खोटं काहीच नाही, हे आधी सांगतो. बंड्यांची रांग होती, शकुंतला होती, मामासुद्धा खरा होता. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांमध्ये भोंगा कशासाठी वाजतो? आम्हाला शाळेची वेळ कळावी म्हणून वाजतो. आईनं कुकर लावावा म्हणून वाजतो. तो मुळात कुणाला बोलावत होता, हा प्रश्न लेखात येत नाही. कारखान्याच्या फाटकापर्यंत लेखक येतो, आणि तिथून परत फिरतो.

माझा लेख आणि माझी आजी

माझंच उदाहरण देतो. आमच्या घराजवळ एक जिनिंग होतं. नाव सांगत नाही, नावाला महत्त्व नाही. हंगाम सुरू झाला की आवारात सरकीचे ढीग लागायचे, दोन-दोन पुरुष उंच. आम्ही पोट्टे रखवालदाराचा डोळा चुकवून त्यावर चढायचो आणि घसरत खाली यायचो. अंगाला तो तेलकट वास लागायचा, केसांत रुईचे तंतू अडकायचे. यावर मी एक ललित लेख लिहिला. ‘पांढरा डोंगर’ असं काहीतरी त्याचं नाव होतं. लोकांना आवडला. मी तो मोठ्या हौसेनं आजीला वाचून दाखवला.

माझी आजी त्याच जिनात कामाला होती. कापसातली काडी, पत्ती, कवडी वेचायची, आणि नंतर रेच्यावर कापूस लावायची. तिनं लेख शांतपणे ऐकला. मग म्हणाली, “चांगलं लिवलं राजा. पण मी कुठी हाय याच्यात?”

मी नव्हतीच ठेवली तिला. लेखात रखवालदार होता, सरकी होती, भोंगा होता, एक कुत्रंही होतं. आजी नव्हती. तिचा दर हंगामात येणारा आणि आखाडीपर्यंत टिकणारा खोकला नव्हता. त्या दिवसापासून मी या प्रकारचं लेखन जरा संशयानं वाचायला लागलो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या संशयाचा हिशेब आहे.

ही केवळ शेतीची भूमी नव्हती

आधी एक गैरसमज दूर करू. औद्योगिक वस्तीच्या आठवणी म्हटलं की आपल्याला परळ-लालबाग आठवतं. वऱ्हाड म्हणजे शेती, असं आपण धरून चालतो. पण १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला नावच ‘ऊमरा’ होतं. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजे ही आपली अमरावती. १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० साली खामगावच्या छोट्याशा रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. चार-दोन कोसांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय उगाच येत नाही. १८८६ मध्ये कारंज्याचा कापूस बाजार नियमाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांची गोष्ट इथून सुरू होते.

रॅली ब्रदर्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स या बड्या परदेशी पेढ्यांचे कारभार इथे होते. पुढे बडनेऱ्याची मिल, अकोल्याची सावतराम, अचलपूरची विदर्भ मिल. आणि गावोगावी जिन-प्रेस. आपली लाडकी शकुंतला तरी कशासाठी होती? मुर्तिजापुराहून एक फाटा यवतमाळला, एक अचलपूरला. तो रूळ प्रवाशांच्या मायेपोटी टाकलेला नाही, रुईच्या गाठी मुख्य लाइनीवर नेण्यासाठी टाकलेला आहे. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. कापूस जिथे जायचा तिथूनच इंजिन आलं होतं. आपल्या आठवणींत मात्र शकुंतलेला मालडबे नसतातच.

म्हणजे दीडशे वर्षांचा कारखानदारीचा इतिहास आपल्याकडे आहे. मग त्याच्या आतल्या आठवणी कुठे गेल्या?

वेल्समधली दोन पुस्तकं

इथे मी तुम्हाला थोडं लांब नेणार आहे, वेल्सला. कारण सांगतो. कारखानदारी वस्तीतल्या बालपणाच्या ज्या आठवणी जगात खूप वाचल्या गेल्या, त्यांत दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांमधल्या आहेत. अरुंद दऱ्या, डोंगराला चिकटलेल्या घरांच्या रांगा, खाली खाण. १९१३ साली तिथून जवळपास ५ कोटी ७० लाख टन कोळसा निघाला, आणि सव्वादोन लाखांहून जास्त माणसं खाणीत होती. त्याच वर्षी सेंगेनिथच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ खाणकामगार गेले. आठवणींचं लेखन चुकतं कुठे आणि जमतं कसं, हे दोन्ही तिथे दिसतं.

१९३९ या एकाच वर्षी दोन पुस्तकं आली. पहिलं रिचर्ड लुएलिनचं ‘हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली’. खाणकामगाराच्या घरातला धाकटा मुलगा ह्यू, मोठेपणी खोरं सोडून जाताना सगळं आठवतो. अफाट खपलं. जॉन फोर्डनं त्यावर १९४१ मध्ये सिनेमा काढला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. सिनेमातलं ते हिरवं खोरं मात्र कॅलिफोर्नियात उभारलेलं होतं. (हशा) आणि लेखक गेल्यावर उघड झालं की तो स्वतःला वेल्समध्ये जन्मलेला म्हणवायचा, पण जन्मला होता लंडनजवळ.

दुसरं पुस्तक बी. एल. कूम्ब्सचं ‘दीज पुअर हँड्स’. म्हणजे ‘हे बिचारे हात’. खाणीत काम करणाऱ्या माणसानं लिहिलेलं आत्मकथन.

आता तुम्ही म्हणाल, झालं, एक खोटा आणि एक खरा. तसं सोपं नाही. कूम्ब्सही वेल्सचा नव्हता. तो इंग्लंडात जन्मला, आणि ऐन तारुण्यात कामासाठी खोऱ्यात आला. म्हणजे जन्मदाखला दोघांकडेही नाही. फरक असा की कूम्ब्स दिवसाचे तास सांगतो, मजुरी सांगतो, छत कसं कोसळतं आणि त्यानंतर कामगाराच्या घरी काय होतं ते सांगतो. लुएलिनच्या कादंबरीत संपही आहे आणि मृत्यूही आहे, हे मान्य केलं पाहिजे. पण खोऱ्याचं वाटोळं कुणी केलं हे विचारायची वेळ आली की ती हळवी होते. हळवेपणा आला की प्रश्न विरघळतो.

आपल्याकडे एक सवय आहे. ‘मी इथला, माझा जन्म इथला, म्हणून माझी आठवण खरी.’ हे दोन लेखक शेजारी ठेवले की तो दावा टिकत नाही. इथे जन्मलेला माणूससुद्धा फाटकाबाहेरूनच लिहू शकतो. मीच लिहिलं होतं की!

१९६० : ‘बॉर्डर कंट्री’ आणि ‘धग’

आणखी एक योग बघा. १९६० साली रेमंड विल्यम्सची ‘बॉर्डर कंट्री’ आली, आणि त्याच साली आपल्या उद्धव शेळक्यांची ‘धग’ आली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण शेजारी ठेवून वाचण्यासारखी ही पुस्तकं आहेत.

विल्यम्स वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यात, रेल्वेच्या सिग्नलमनच्या घरी वाढला. त्याचा नायक लंडनमध्ये आर्थिक इतिहासाचा प्राध्यापक आहे. वेल्सच्या खोऱ्यांत माणसं कुठून कशी आली, याचे आकडे तो जमवतोय. वडील आजारी पडतात म्हणून गावी येतो. लंडनमध्ये तो मॅथ्यू आहे, गावात विल. आपल्याकडेही शाळेतलं नाव वेगळं आणि घरचं वेगळं असतं, तसंच. गावी आल्यावर त्याला कळतं की त्याच्या आकड्यांत त्याचा बाप कुठे बसत नाही. आणि हेही कळतं की बापाची नुसती आठवण काढून आकड्यांचं काम होत नाही. दोन्ही लागतं. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकानं ही कादंबरी वाचावी, असं मला वाटतं.

‘धग’ ही काही कारखान्याची कादंबरी नाही. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा महादेव, पोरं, आणि गरिबी. पण मला आज तिच्याकडून एकच गोष्ट घ्यायची आहे. कौतिकच्या घरात पैसा कुठून आला, कुठे गेला, आज काय शिजलं, उद्या काय शिजणार, हे वाचकाला सतत माहीत असतं. भाषा वऱ्हाडी आहे, पण ती गंमत म्हणून नाही. आपल्या स्मरणिकांत वऱ्हाडी बोली येते ती हशा पिकवण्यापुरती, ‘काऊन बे’ म्हणण्यापुरती. शेळक्यांच्या हातात तीच बोली माणसाचं सगळं दुःख उचलते.

आणि तिसरं नाव घेतो, वसंत मून यांच्या ‘वस्ती’चं. ते १९९५ मध्ये आलं. ते नागपूरचं आहे, वऱ्हाडाचं नाही, पण शेजारचं आहे. बालपणाचंच पुस्तक आहे, आणि त्याचं नाव बघा. ‘मी’ नाही, ‘माझं बालपण’ नाही. ‘वस्ती’. लेखक मुलगा आहे, पण गोष्ट मोहल्ल्याची आहे. त्यात माणसं कामावर जातात, सभेला जातात, भांडतात. मुलगा त्यांच्यामधून चालतो, त्यांच्या पुढे उभा राहत नाही.

हंगामी माणसं

मग प्रश्न असा की गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखतींतून एक शतक उभं केलं, ते पुस्तक २००४ मध्ये आलं. आमच्या जिन-प्रेसला असं काही का मिळालं नाही? इथे लिहिणारे नव्हते, असं नाही. हा जिल्हा लेखक-कवींना कधीच कमी पडलेला नाही.

माझ्या मते कारण एका शब्दात आहे. हंगाम. गिरणगावात कामगार बारा महिने कामगार असतो. चाळ असते, भजनी मंडळ असतं, युनियनचं ऑफिस असतं. वेल्समध्ये खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून वाचनालयं काढली. आपल्या जिनातली बाई दिवाळीनंतर कामगार होते आणि मृगाला पुन्हा शेतमजूर होते. पऱ्हाटी ती निंदते, कापूस ती वेचते, आणि तोच कापूस रेच्यावरही तीच लावते. तिला स्वतःलाही कुणी विचारलं तर ती ‘मी कामगार होते’ असं म्हणत नाही. ‘जिनात जात होतो’ म्हणते.

आणि गंमत नव्हे, दुःख असं की कायद्यानंही हेच केलं. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा बघा. शंभरापेक्षा कमी माणसं असली, किंवा कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालत नसला, तर तो कायद्याच्या लेखी कारखानाच नाही! म्हणजे हंगामी जिन बहुतेक सुटलं. पुढे १८८५ मध्ये मुंबईच्या फॅक्टरी कमिशनसमोर आपल्या शेजारच्या खानदेशातल्या जिनिंगबद्दल साक्ष झाली. ऐन हंगामात जिन आणि प्रेस रात्रंदिवस चालतात, आणि तेच ते हात आठ-आठ दिवस दिवसाही आणि रात्रीही राबतात, असं त्या धंद्यातल्याच माणसानं सांगितलं. इंग्रजीत कामगाराला ‘हँड्स’ म्हणायचे, हात. कूम्ब्सच्या पुस्तकाच्या नावातही तोच शब्द आहे.

कायद्यानं जिन हंगामी म्हणून मोजलं नाही. आमच्या आठवणींनीही ते हंगामी म्हणूनच पाहिलं, जत्रेसारखं. येतं, गजबजतं, जातं. फरक एवढाच की कायदा पुढे बदलत गेला. आमचे लेख तिथेच राहिले.

मुलाच्या डोळ्याची बाजू

आता कुणी म्हणेल, अहो, बालपण गोड असतं, ते गोड लिहू द्या की. प्रत्येक आठवणीला मजुरीचा तक्ता लावायचा का?

नाही लावायचा. मुलाचा डोळा मी कमी लेखत नाही. किती गाठी बांधल्या ते कागद सांगेल. पण सरकी उन्हात तापली की कसा वास येतो, हे कागद सांगणार नाही. जिन बंद झाल्या दिवशी आळीत किती शांत वाटतं, हे मुलगाच सांगेल. त्या गोडव्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो, मोठेपणी सगळं कळल्यावरही लेखकानं मुलाच्याच उंचीवर बसून राहण्याला. मुलाला माहीत नसतं, ते त्याचं निरागसपण. पन्नाशीच्या माणसाला माहीत नसेल, तर त्यानं विचारलं नाही इतकाच त्याचा अर्थ.

वेल्समध्ये खाणीतल्या टाकाऊ मालाचे डोंगर गावाच्या वर रचलेले असत. पोरं तिथे खेळत. २१ ऑक्टोबर १९६६ ला आबरव्हानचा असा एक डोंगर घसरून शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. चौकशीत दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला. धोक्याकडे आधी लक्ष वेधलं गेलं होतं, हेही निघालं. ते वाचल्यावर मला माझा ‘पांढरा डोंगर’ आठवला. आमच्या सरकीच्या ढिगानं कुणाचा जीव घेतला नाही. पण तो ढीग तिथे का आहे, कुणी रचला, हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

मग करायचं काय

स्वान्सीमध्ये १९७३ साली दक्षिण वेल्स खाणकामगार वाचनालय उभं राहिलं. खाणी बंद पडत होत्या, वाचनालयांची पुस्तकं रद्दीत चालली होती. लोकांनी ती गोळा केली आणि म्हाताऱ्या खाणकामगारांचे आवाज टेपवर घेतले. खाणी पूर्ण बंद व्हायची वाट पाहिली नाही. आपल्याकडे मिल बंद झाल्या, बरीच जिनं पडली, त्यांच्या जागी मंगल कार्यालयं आणि प्लॉट आले. माणसं अजून आहेत, पण फार दिवस नाहीत. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या बाया ही शेवटची पिढी आहे.

खिशात फोन सगळ्यांच्या आहे. जाऊन बसा. पण ‘जुन्या आठवणी सांगा’ असं म्हणू नका. तसं म्हटलं की त्याही आपल्याला हवं तेच गोड सांगतात, पाहुणा आला म्हणून. साधं विचारा. घरातून किती वाजता निघायच्या? लेकरू कुणाकडे ठेवायच्या? मजुरी रोजाची की आठवड्याची, आणि हातात कोण द्यायचं? बाई आणि बाप्याची मजुरी सारखी होती का? दुपारची भाकर कुठे बसून खायच्या? खोकला कधी सुरू झाला? प्रत्येक उत्तर म्हणजे इतिहासाचं एक पान आहे, आणि ते कुठल्याच दप्तरात नाही.

मीही विचारलं, उशिरा का होईना. आजी म्हणाली, “भोंगा कायचा ऐकू बापा? भोंगा वाजे तवा आमी फाटकापाशीच उभ्या राहो. भोंगा तुमच्यासाठी व्हता.” मी लेखात लिहिलं होतं की भोंग्यानं गाव जागं व्हायचं. तिच्यासारख्यांचा गाव त्याच्या कितीतरी आधी जागा झालेला असायचा. माझ्या लेखातलं ते वाक्य चुकीचं होतं. सुंदर होतं, पण चुकीचं होतं. ते मी बदललं. लेख पहिल्याइतका गोड राहिला नाही. आजीला दुसऱ्यांदा वाचून दाखवला, तेव्हा तिनं मधेच दोन ठिकाणी थांबवून दुरुस्ती सांगितली. पहिल्या वेळी तिनं एकही दुरुस्ती सांगितली नव्हती, कारण त्यात तिला माहीत असलेलं काही नव्हतंच. माझ्या दृष्टीनं या लेखनाची हीच परीक्षा आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलं, त्यांना त्यात दुरुस्ती सुचवावीशी वाटली पाहिजे.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : जिनमालकांच्या घरच्यांनी आठवणी लिहिल्या तर त्याही फाटकाबाहेरच्याच का?

उत्तर : अजिबात नाही. त्यांनी तर आवर्जून लिहावं. वाड्याच्या आठवणी लिहाव्यात, बग्गीच्याही लिहाव्यात. फक्त माळ्यावर एकदा चढावं. तिथे लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या असतील. हजेरीची वही, मजुरीची वही. त्या वाळवीला किंवा रद्दीवाल्याला देऊ नका. माझ्या आजीचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण अशा एखाद्या वहीत अंगठ्यासमोर असू शकतं.